टाकीवरचं ‘फक्त भैय्या’

आमच्या दुकानावर पाटी एकच आहे, पण आत कामं दोन चालतात. मालक स्टिकर लावतात आणि मी काढते. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे. त्यात मालकी किती असते ते ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. नळदुर्ग ते उमरगा हायवेवर आमचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जी माणसं येणार आहेत ती अजून इथंच राहतात आणि रोज दुकानावरून जातात.

मोटारसायकलवर नंबर, देवाचं नाव, पोराचं नाव, पुढाऱ्याचा फोटो लावायचा असला की लोक रेडियमच्या दुकानात येतात. लावायला येतात तेव्हा चारचौघं बरोबर असतात, हसतखेळत येतात, चहा मागवतात. काढायला माणूस एकटा येतो. गाडी भिंतीकडं तोंड करून लावतो. ‘घाई न्हाय काकू’ असं म्हणतो आणि घड्याळ बघत बसतो.

काढणं हे हलकं काम आहे असं सगळ्यांना वाटतं. मालकांनाही वाटायचं, म्हणून तर ते माझ्याकडं आलं. पण ब्लेडनं किंवा चाकूनं खरवडलेल्या टाक्या शेवटी आमच्याकडंच येतात, तेव्हा त्यांच्यावर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. स्टिकर उबेनं काढायचा. आमच्याकडं उन्हाची टंचाई नाही, तरी मी केस वाळवायचा ड्रायर वापरते. माझ्या केसांना तो कधी लागला नाही. कोपरा गरम झाला की नखानं उचलायचा आणि स्टिकर त्याच्याच पाठीवर दुमडत हळूहळू मागं ओढायचा. सरळ वर ओढला तर रंगाचा पोपडा घेऊन येतो. मागं राहिलेल्या चिकटीला खोबरेल तेल लावून थोडा वेळ सोडून द्यायचं, मग साबणाचं पाणी, मग पॉलिश. थिनर लावायचा नाही. थिनर चिकट काढतो आणि पाठोपाठ रंगही काढतो. आणि कंपनीतून आलेली नक्षी लॅकरच्या, म्हणजे वरच्या चकचकीत थराच्या, खाली असते, ती निघत नाही. हे मी रोज एकाला तरी सांगते आणि तो माझ्याकडं असं बघतो, जणू मलाच काढायची नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तर कुणी ऐकूनच घेत नाही. ऊन टाकीचा रंग खातं, पण स्टिकरच्या खाली त्याला जाता येत नाही. त्यामुळं जुना स्टिकर निघाला की त्याच्या खालचा रंग नवा कोरा असतो आणि बाजूचा विटलेला. स्टिकर जातो, अक्षरं राहतात. काळ्या गाडीवर कमी दिसतात, लाल गाडीवर लांबून वाचता येतात.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. एक पोरगा लग्नाच्या हळदीच्या आदल्या दिवशी आला. टाकीवर इंग्रजीत मोठा पी होता, तो काढायचा होता. मी ड्रायर लावला, तेवढ्यात त्याला फोन आला. मंडपवाला कमानीवर घालायची नावं विचारत होता. फोनवर बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की नवरीचं नाव पल्लवी आहे. ‘राहू द्या काकू,’ म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. ती बिचारी अजून त्या पीच्या मागं बसून बाजाराला येते आणि कौतुकानं त्याच्यावर हात ठेवते.

दुसरा एकजण जुनी गाडी घेऊन आला. आधीच्या मालकानं टाकीवर आपल्या जातीचं नाव लावलं होतं. ते काढून त्याच जागी ह्याला स्वतःच्या जातीचं लावायचं होतं. काढून झाल्यावर त्यानं तीनतीनदा विचारलं, “काकू, त्यांचं समदं निघालं न्हवं? कायबी राह्यलं न्हाय न्हवं?” मी म्हटलं, “रंग तोच आहे भाऊ, टाकीपण तीच आहे.” तो परत आमच्याकडं आला नाही. असली गिऱ्हाइकं गेल्याचं मला वाईट वाटत नाही, पण ती कमी होत नाहीत, वाढतच आहेत.

हे सगळं मी हसत सांगू शकते. बलभीमभाऊंचं सांगताना हसू येत नाही.

बलभीमभाऊ आमच्याजवळच्या एका गावचे. कोरडवाहू शेती, दोन म्हशी, बोलण्यात मधूनमधून कानडी. एका वर्षी त्यांच्या बायकोच्या पोटात पू झाला. सोलापूरला नेलं, तर कुठल्याच दवाखान्यात खाट मिळेना. कुणीतरी भैय्यांचा नंबर दिला. भैय्या म्हणजे आमच्या भागातले पुढारी, तेव्हा नवीनच वर येत होते. त्यांनी एक फोन केला आणि खाट मिळाली. बाई वाचल्या. पुढारी असे फोन दिवसात कितीतरी करत असतील. बलभीमभाऊंच्या आयुष्यात तो एकच होता.

पुढं त्यांनी नवीन लाल मोटारसायकल घेतली आणि शोरूममधून सरळ आमच्या दुकानात आणली. टाकीच्या दोन्ही बाजूंना भैय्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘फक्त भैय्या’ असं पाहिजे होतं. तेव्हा आमच्या भागात दोनच गट होते, एक भैय्यांचा आणि दुसरा आप्पांचा. आप्पा जुने, भैय्या नवे. त्यामुळं ‘फक्त’ हा शब्द फार खपायचा.

मालक म्हणाले, “एका बाजूला लावू का? दोन्हीकडं लई होतंय.”

“दोन्हीकडं लावा. येणाऱ्याला बी दिसावं, जाणाऱ्याला बी,” भाऊ म्हणाले.

भाऊंचा मुलगा महेश. पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्या भागात पोरगा धडधाकट असला आणि घरी जमीन थोडी असली की तो एकतर पुण्याला जातो नाहीतर भरतीला पळतो. महेश रोज सकाळी बापाची गाडी घेऊन कॉलेजच्या मैदानावर पळायला यायचा. जाताना आमच्या दुकानासमोरच्या हातपंपावर तोंड धुवायचा. बोलायला मऊ होता. पायांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या.

एकदा बापलेक दोघं दुकानात आले. नंबर प्लेटचं काहीतरी काम होतं. महेशनं हळूच विषय काढला.

“आबा, काकूंना हे काढायला सांगू का?”

“काय?”

“भैय्याचा फोटू. आमचे मैदानावरचे सर म्हणत्यात, भरतीच्या पोरानं कुणाचाच फोटू लावू न्हाय. उद्या वर्दी घालायची तर आज कुणाचा शिक्का कशाला पाहिजे?”

भाऊ चिडले नाहीत. त्यांनी गाडीच्या सीटवर हात ठेवला. “तुझी आय घरात भाकरी थापती ती त्या माणसामुळं. ते काढायचं म्हंजी मला बरं वाटायचं न्हाय बघ.”

महेशनं पुढं होऊन प्लेटचे स्क्रू सोडवायला घेतले.  मालकांनी नंबर प्लेट लावून दिली आणि दोघं गेले. मला दोघांचंही पटलं होतं. आजही पटतं.

त्यानंतर निवडणूक आली. त्या दिवशी बाजार होता आणि दुपारी आप्पांची मोटारसायकल रॅली निघाली. शंभर गाड्या असतील नाहीतर दोनशे, आवाज तेवढा हजाराचा होता. महेश त्या दिवशी उशिरा मैदानावरून परत निघाला होता आणि नेमका चौकात अडकला. अंगात ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते, सगळं डोळ्यांनी बघितलंय.

रॅलीतल्या दोन पोरांना टाकीवरचा फोटो दिसला. एकानं खाली उतरून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि फोटोवरच्या भैय्यांच्या तोंडावर ओढायला लागला. दुसरा हसत मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता. महेश म्हणाला, “हात काढ. टाकीला ओरखडे पडत्यात.” भैय्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बापाच्या गाडीचा रंग जात होता, तेवढंच त्याला दिसत होतं. तो पोरगा हात काढेना तेव्हा महेशनं त्याला ढकललं. तो पडला.

समोरच्या हॉटेलात भैय्यांची पोरं बसलेली होती. ती खुर्च्या घेऊनच पळत आली. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. कुणाचंतरी डोकं फुटलं. मालकांनी मला आत ओढून शटर खाली घेतलं. बाहेर शांत झालं तेव्हा आम्ही शटर वर केलं. महेशची गाडी रस्त्यात आडवी पडली होती, तिच्यातून पेट्रोल सांडत होतं आणि महेश ती उभी करत होता. बाकी सगळे पळून गेले होते. पोलिसांना तो सापडला, कारण तो गाडी सोडून पळाला नाही.

संध्याकाळी बलभीमभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, “वहिनी, तुमी बघितलंय. तेवढं जाऊन सांगता का?” मी आणि मालक ठाण्यात गेलो. जे बघितलं ते सगळं सांगितलं. तिथले साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “ताई, गाडीवर फोटो कुणाचा होता?”

“भैय्यांचा.”

“मग झालं तर,” असं म्हणून त्यांनी समोरचा पंखा चालू करायला सांगितला.

दंगल, मारामारी, जमाव जमवणं, अशी कलमं लागली. दोन्हीकडच्या फिर्यादी झाल्या. गावात बोललं जातं की नावं पुढाऱ्यांच्या वाड्यावर बसून ठरली. ज्यांच्या हातात खुर्च्या होत्या त्यांतली काही नावं आलीच नाहीत. महेशचं आलं.

गाडी पोलिसांनी जप्त केली. कोर्टात हमी लिहून देऊन ती परत मिळायला पावसाळा गेला. ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी राहून सीट फाटली होती. भाऊ ती ढकलत माझ्याकडं घेऊन आले. महेश मागून चालत होता.

“काढा वहिनी,” भाऊ म्हणाले. 

मी ड्रायर लावला. कोपरा गरम झाला, नखाला आला, दोन बोटं मागं घेतला. तेवढ्यात महेश म्हणाला, “काकू, थांबा.”

“काय झालं?”

“वकील म्हणाले होते. गाडी सोडताना कोर्टानं लिहून घेतलंय. खटला संपोस्तर इकायची न्हाय, रंगरूप बदलायचं न्हाय. पंचनाम्यात लिहिलंय, टाकीवर ‘फक्त भैय्या’ असा स्टिकर.”

भाऊंना कळेना. “आपली गाडी, आपल्या पैशाचा स्टिकर.”

“आता त्यो पुरावा हाय आबा.”

मी हातातला कोपरा बघत राहिले. इतकी वर्षं काढण्याचं काम केलं, पण उचललेला कोपरा परत दाबून बसवायची वेळ पहिल्यांदाच आली. अंगठ्यानं दाबला, फडकं फिरवलं. नीट बसला नाही, जरासा वर राहिला. भाऊ म्हणाले, “असू द्या,” आणि गाडी घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात भरती निघाली. महेश पळाला, लेखी दिली आणि यादीत त्याचं नाव लागलं. त्याच्या आईनं दुकानात पेढे आणून दिले. मला म्हणाली, “पोराची बोटं बघा वहिनी, नखं राह्यली न्हाईत पळून पळून.” मग चारित्र्य पडताळणी आली. तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, ह्या प्रश्नाचं उत्तर त्यानं खरं लिहिलं. खोटं लिहिलं असतं तरी सापडलंच असतं. नेमणूक मिळाली नाही. खटल्याचा निकाल आणा, मग बघू, असं सांगितलं. निकाल लागायला तारखा पडत होत्या. साक्षीदार यायचे नाहीत, वकील बदलायचे, जजसाहेब रजेवर जायचे.

बलभीमभाऊ भैय्यांकडं गेले. एकदा नाही, पुष्कळदा गेले. भैय्या भेटले की खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “राजकीय केस आहे, मागं घ्यायला लावू.” भाऊ दुकानात येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगायचे. आधी आशेनं सांगायचे. नंतर नुसतेच सांगायला लागले.

मग एके दिवशी भैय्या आप्पांच्या पक्षात गेले.

आमच्या चौकातच मंडप होता. ज्या हॉटेलातून खुर्च्या बाहेर आल्या होत्या, त्याच हॉटेलातून स्टेजवर चहा गेला. आप्पांनी भैय्यांना हार घातला, भैय्यांनी आप्पांच्या पायाला हात लावला. ज्याचं डोकं फुटलं होतं तो पोरगा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. त्याच्याबद्दल माझा राग नाही, त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं. आम्हाला आठवडाभर श्वास घ्यायला वेळ नव्हता. मालक दोघांचे शेजारी शेजारी फोटो कापत होते आणि मी जुने काढत होते. लोक रांगेत उभे राहून ‘फक्त’ काढून घेत होते. सगळ्यांना एकदमच तो शब्द नको झाला होता.

त्यातच भैय्यांचा एक माणूस दुकानात आला. पांढरे कपडे, दोन मोबाइल. म्हणाला, “त्या बलभीमच्या गाडीवरचं अजून काढलं न्हाय तुम्ही?”

मी म्हटलं, “त्यांनी आणली नाही.”

“सांगितलंय त्याला. आप्पा त्या गावात जाणार हायत परवा. तिथं ‘फक्त भैय्या’ दिसलं तर कसं वाटंल? आप्पांच्या मनात उगंच किंतु नको.”

नेमके भाऊ त्याच वेळी बाजारातून येत होते. त्या माणसानं त्यांना हाक मारली आणि तेच पुन्हा सांगितलं. भाऊंनी डोक्यावरची पिशवी खाली ठेवली.

“काढता येत न्हाय.”

“का?”

“कोर्टाची मनाई हाय. तुमच्या भैय्याला म्हणावं, केस मागं घ्या, स्टिकर काढतो. न्हायतर आप्पांना म्हणावं दुसऱ्या रस्त्यानं या.”

तो माणूस हसला. त्याला वाटलं भाऊ विनोद करतायत. भाऊंनी पिशवी उचलली आणि गेले. तिसऱ्या दिवशी आप्पांची गाडी त्या गावात गेली तेव्हा गावकऱ्यांनी भाऊंची मोटारसायकल कडब्याच्या गंजीमागं नेऊन झाकून ठेवली, असं मी ऐकलं.

खटला शेवटी संपला. दोन्ही गट एक झाले होते, त्यामुळं कुणीच कुणाविरुद्ध साक्ष दिली नाही. सगळे निर्दोष सुटले. भैय्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. महेशच्या त्या भरतीची यादी केव्हाच बंद झाली होती, पुढची भरती निघाली तेव्हा खटला चालूच होता, आणि त्यानंतरच्या भरतीला त्याचं वय बसत नव्हतं. सुटल्याचा कागद त्याच्या हातात आला तेव्हा तो दाखवायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बापलेक गाडी घेऊन आले. इतक्या वर्षांच्या उन्हानं स्टिकर पापडासारखा झाला होता. सलग निघेना. नखाएवढा तुकडा यायचा, मग पुन्हा ड्रायर, पुन्हा तुकडा. माझी नखं सोलली. मालक म्हणाले, “राहू दे, मी वरून काळा शीट लावून देतो.” मी नको म्हटलं. सकाळपासून बसले होते, ते सगळं काढल्याशिवाय मला उठायचं नव्हतं. तेल लावलं, धुतलं, पॉलिश केलं.

भाऊंनी उन्हात उभं राहून बघितलं. विटक्या लालवर गडद लाल अक्षरं स्वच्छ दिसत होती. फोटोतले जोडलेले हातसुद्धा कळत होते.

“ऱ्हायलंच की वहिनी.”

“स्टिकर गेला भाऊ. हे रंगात आहे. सगळी टाकी रंगवल्याशिवाय हे जायचं नाही.”

महेश म्हणाला, “चला आबा.” त्यानं गाडीला किक मारली. 

हे सगळं मी इथंच संपवणार होते. पण ह्या उन्हाळ्यात बलभीमभाऊ पुन्हा दुकानात आले. बरोबर महेश नव्हता. मालकांना आता साखरेच्या आजारानं कमी दिसतं, बारीक काम होत नाही, म्हणून लावायचं कामही माझ्याकडंच आलंय. भाऊंनी पिशवीतून तयार छापलेला स्टिकर काढला. भैय्या आणि आप्पा, दोघं शेजारी शेजारी, हात जोडलेले.

मी तो उजेडात धरून बघितला. भाऊ सांगायला लागले.

“एका कारखान्याच्या गेटवर माणसं घ्यायलेत. कंत्राटी हाय, पण वर्दी हाय. भैय्याच्या शब्दावर घेतेत. गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीवरनं त्यांची माणसं गेली, गाडीवरचं ‘फक्त’ बघून गेली.” पिशवीची घडी करत म्हणाले, “पोरगं घरात बसून राहतंय वहिनी. कुणाशी बोलत न्हाय.”

“महेशला माहीत आहे का?”

“त्याला काय इचारायचं? नोकरी लागल्यावर सांगू.”

मी टाकी पुसली. जुन्या अक्षरांवर नवीन स्टिकर धरून बघितला. बरोबर बसत होता, खालचं सगळं झाकलं जात होतं. कागद सोडवायला घेतला तसे भाऊ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले,

“वहिनी, जरा सैल लावा. परत काढायचा हाय.”

स्टिकर सैल लावता येत नाही. सैल लावला की कडेनं पाणी जातं, धूळ बसते आणि खालचा रंग सडतो. हे मी एरवी गिऱ्हाइकाला समजावून सांगते. त्यांना सांगितलं नाही. बरं म्हटलं, आणि घट्ट लावून दिला.